कमरेचं पिस्तूल, मोच्याचं कव्हर आणि ‘आपोआप’ सुटणारी गोळी

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं त्या वेळी सांगण्यात आलं. बातमी मुंबईची, पण पानठेल्यावरच्या चर्चा आपल्याकडेही आठवडाभर रंगल्या. ‘काऊन हो भाऊ, असं आपोआप सुटते का?’ हा पहिला प्रश्न. ‘सेफ्टी नव्हती का त्याले?’ हा दुसरा.

प्रश्न विचारणारे सगळेच बघे नव्हते. विदर्भाच्या तालुक्यांत परवान्याचं पिस्तूल बाळगणारी माणसं आहेत: जिनिंगवाले, कापूस-सोयाबीनचे अडते, पेट्रोल पंपाचे मालक, कंत्राटदार, फौजेतून निवृत्त होऊन शेती करणारे. यांच्यातल्या कित्येकांच्या कमरेला बाजारपेठेतल्या मोच्यानं शिवलेलं चामड्याचं कव्हर असतं. दुकानातलं तयार कव्हर ‘सगळ्यांना बसेल’ अशा मापाचं असतं, म्हणजे नेमकं कुणालाच बसत नाही. हातानं शिवलेलं कव्हर, ज्याला होल्स्टर म्हणतात, चांगलं असेल तर आयुष्यभराचं काम देतं. वाईट असेल तर त्यापेक्षा पिस्तूल घरी कुलपात ठेवलेलं बरं.

हा लेख परवानाधारकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. देशी कट्ट्याबद्दल इथं काही नाही. तो बाळगणं गुन्हा आहे, आणि कोणतंही कव्हर त्याला सुरक्षित करू शकत नाही.

आधी पिस्तूल चालतं कसं

रिव्हॉल्व्हरला फिरतं चक्र असतं आणि काडतुसं त्यात डोळ्यांना दिसतात. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात ती मुठीत सरकवलेल्या पेटीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, दडलेली असतात. पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग म्हणजे स्लाइड. ती मागे ओढून सोडली की पेटीतलं सगळ्यात वरचं काडतूस पुढं ढकललं जातं आणि नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्ये जाऊन बसतं. मग चाप ओढला की आतली पिन काडतुसाच्या बुडावर आदळते आणि गोळी सुटते. सुटताना बसलेल्या धक्क्यानं स्लाइड स्वतःच मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि पुढचं काडतूस भरते. ‘सेमी’ अशासाठी की एकदा चाप ओढला की एकच गोळी. पण पुढच्या गोळीची तयारी पिस्तुलानं आपण होऊनच करून ठेवलेली असते.

आपल्याकडे सामान्य परवान्यावर ९ मि.मी. पिस्तूल मिळत नाही, तो बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, प्रतिबंधित वर्गात मोडतो. म्हणून बहुतेकांकडे .३२ बोअरचं पिस्तूल असतं, त्यालाच ७.६५ मि.मी. असंही म्हणतात. कुणाकडे आयुध निर्माणीचं ‘अशनी’, कुणाकडे आजोबांच्या काळातलं विलायती. आपल्या भागात अंबाझरी, भद्रावती आणि भंडारा इथं आयुध निर्माणी असल्यामुळे पिस्तुलंही तिथंच होतात असा अनेकांचा समज असतो. तिथलं काम दारूगोळा आणि स्फोटकांचं आहे.

आता सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं लोक धरून चालतात. विहिरीवरचा पंप बंद केला तरी पाइपात पाणी उरतंच, तसं मॅगझिन काढल्यावरही चेंबरमधलं एक काडतूस जागच्या जागी असतं. काही पिस्तुलं मॅगझिन नसेल तर चाप चालू देत नाहीत, पण बरीच देतात. ‘खाली होतं हो, मॅगझिन तर टेबलावर काढून ठेवलं होतं’ हे वाक्य अपघातानंतर ऐकू येतं ते यामुळे.

रिकामं करायचा क्रम एकच आहे. नळी निर्धोक दिशेला, बोट चापाच्या कड्याबाहेर. आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड पूर्ण मागे ओढायची, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडेल. स्लाइड मागेच अडकवून आत डोळ्यांनी बघायचं, आणि उजेड कमी असेल तर करंगळीनं चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी पेटीतलं दुसरं जाऊन बसलेलं असतं. माणूस मात्र निर्धास्त.

‘आपोआप’ म्हणजे नेमकं काय

चांगल्या स्थितीतलं पिस्तूल खुंटीला टांगलेलं असताना मनात येईल तेव्हा सुटत नाही. ‘आपोआप’ सुटलेल्या बहुतेक गोळ्यांच्या मागे कशाचा तरी चापाला स्पर्श झालेला असतो. बहुतेक वेळा बोटाचा. कधी सदऱ्याच्या टोकाचा, कधी जॅकेटच्या नाडीच्या गाठीचा, कधी उन्हात तोंडाला बांधायच्या दुपट्ट्याचा. आणि कधी मऊ पडून आत वळलेल्या कव्हरच्याच कडेचा.

दुसरं कारण म्हणजे मार. जुन्या घडणीच्या काही हत्यारांत पिन फक्त स्प्रिंगच्या भरवशावर मागे थांबलेली असते. असं हत्यार भरलेल्या अवस्थेत फरशीवर नळीच्या किंवा मागच्या टोकावर आदळलं, तर पिन झटक्यासरशी पुढं जाऊन काडतुसाला लागू शकते. नव्या घडणीत पिनेला आडवा येणारा एक छोटा अडसर असतो आणि चाप ओढल्याशिवाय तो हटत नाही. तुमच्या पिस्तुलात हा अडसर आहे की नाही, हे परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याला विचारून घ्या. वाडवडिलांकडून आलेलं हत्यार असेल तर नाहीच असं समजून वागलेलं चांगलं.

यातून निघणारा एक नियम अंगवळणी पडायला अवघड आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका. पडू द्या. झेलण्याच्या धडपडीत बोटं सगळ्यात आधी शिरतात ती चापाच्या कड्यात. पडून खरचटलेलं पिस्तूल दुरुस्त होतं.

सेफ्टी लावली की झालं ना?

सेफ्टीचा खटका चाप किंवा घोडा (पिनेवर आदळून तिला पुढं ढकलणारा मागचा भाग) अडवतो, एवढंच त्याचं काम. तो झिजतो, त्यात माती बसते, आणि कमरेला दिवसभर घासून खालीही सरकतो. ट्रॅक्टरवरून चढउतार करणाऱ्याच्या कमरेला तर दिवसातून कितीदा काय घासतं याची गणतीच नाही. सकाळी लावलेला खटका दुपारी उघडा सापडणं ही दुर्मिळ गोष्ट नव्हे. म्हणून खटका लावायचा जरूर, पण विसंबायचं ते तीन गोष्टींवर: चाप झाकलेला, बोट बाहेर, नळी माणसाकडे नाही.

घोडा असलेल्या पिस्तुलात आणखी एक सवय जीवघेणी आहे. चेंबरमध्ये काडतूस असताना चढलेला घोडा अंगठ्यानं धरून, चाप दाबून हळूच खाली उतरवायचा. अंगठा घामानं ओला असेल तर घोडा निसटतो आणि गोळी सुटते. विदर्भात मार्च ते जून अंगठा कोरडा असतो कधी? काही पिस्तुलांना घोडा सुखरूप उतरवण्यासाठी वेगळा खटका असतो, तो असेल तर वापरा. नसेल तर मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, मग काय ते.

कव्हरचं पहिलं काम

कव्हर म्हटलं की लोक आधी नक्षी बघतात, मग पिस्तूल किती झटकन निघतं ते बघतात. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. कव्हरचं पहिलं काम म्हणजे चाप आणि त्याभोवतीचं कडं पूर्ण झाकणं, तेही इतक्या ताठ चामड्यानं की बाहेरून अंगठ्यानं जोरात दाबलं तरी आत चापापर्यंत काही पोहोचू नये. दुसरं काम, पळताना, वाकताना, बांधावरून उडी मारताना पिस्तूल जागचं न हलणं. तिसरं, पिस्तूल बाहेर काढल्यावरही कव्हरचं तोंड उघडं राहणं.

हे तिसरं काम सगळ्यात दुर्लक्षित. पिस्तूल काढलं की मऊ चामड्याचं तोंड चपटं होतं. मग परत घालताना माणूस एका हातानं तोंड उघडायला जातो आणि स्वतःच्याच बोटांसमोर नळी आणतो. किंवा तसंच दाबून घालतो, आणि आत वळलेली चामड्याची कड चापाच्या पुढं अडकते. वरून जोर पडतो आणि गोळी मांडीत जाते. पिस्तूल कमरेला नुसतं असताना होणारे अपघात कमी. ते काढताना आणि त्याहूनही परत घालताना होणारे जास्त.

मोच्याकडे काय बघायचं

आमच्याकडच्या बाजारात बसणाऱ्या एका कारागिराला मी असं कव्हर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिवताना पाहिलं आहे. त्याची पहिली अट मला फार आवडली. ‘खरं पिस्तूल माह्याजवळ ठेवून जायाचं नाही. लाकडी फर्मा आणा.’ हत्यार दुसऱ्याच्या ताब्यात सोडून जाणं परवानाधारकाला शोभत नाहीच, कायद्याच्याही अंगाशी येतं. तेव्हा मालकानं घरी रिकाम्या पिस्तुलाची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर काढली, जाडीची मापं घेतली आणि सुताराकडून शिवण झाडाच्या लाकडाचा हुबेहूब फर्मा करून आणला. चप्पल-बुटाला जसा फर्मा लागतो तसाच हा.

कातडं निवडताना कारागिरानं क्रोमचं बाजूला सारलं. क्रोममध्ये कमावलेलं कातडं मऊ आणि लवचीक असतं. पिशव्यांना आणि बुटाच्या वरच्या भागाला ते छान, पण ताठ आकार धरून ठेवत नाही. झाडाच्या सालीत किंवा हिरड्यासारख्या फळांत कमावलेलं पक्कं कातडं ओलं केलं की हवा तो आकार घेतं आणि वाळल्यावर त्याच आकारात कडक होतं. जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर. रापीनं कापलेले दोन तुकडे कोमट पाण्यात भिजवून त्यानं फर्म्याभोवती घेतले आणि गुळगुळीत दांड्यानं दाबत गेला: आधी चापाचं कडं, मग स्लाइडची कड, मग नळीच्या टोकाशी असलेली नेम धरायची माशी. माशीसाठी आत एक सरळ खाच सोडली, नाहीतर काढताना ती चामड्याला ओरबाडत येते. सेफ्टीच्या खटक्यापाशी आणि मॅगझिन सोडायच्या बटणापाशी त्यानं चामड्याला मुद्दाम फुगवटा दिला. त्या बटणावर कातडं दाबत राहिलं तर मोटारसायकलच्या दणक्यांनी मॅगझिन सुटून रस्त्यात कुठंतरी पडतं. मग ते शोधा, आणि नाही सापडलं तर पोलीस ठाण्यात जाऊन सांगा.

शिलाई त्यानं मशीनवर घातली नाही. आरीनं भोकं पाडायची, एकाच मेणदोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई. मशीनच्या टाक्यात एक धागा झिजून तुटला की ओळ उसवत जाते. या हातटाक्यात एका बाजूचा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो. तोंडाला त्यानं चामड्याची दुसरी पट्टी जोडली. तोंड उघडं राहावं म्हणून लागते ती हीच. ही पट्टी नसलेलं कव्हर कितीही सुंदर असो, घेऊ नका. मग सावलीत वाळवण. उन्हात ठेवलं तर कातडं वेडंवाकडं आकसतं आणि तडकतं.

तयार झालेलं कव्हर घरी तपासायचं ते रिकाम्या पिस्तुलावर, चेंबर दोनदा बघून. काडतुसं दुसऱ्या खोलीत. पिस्तूल आत घालून कव्हर गादीवर उलटं धरा आणि हलवा, पडता कामा नये. बाहेरून चापाच्या जागी दाबून बघा. पट्ट्यावर चढवून अर्धा दिवस घरात, अंगणात, पायऱ्यांवर वावरा आणि खटका कुठं सरकला ते पाहा. पट्टाही महत्त्वाचा. पँटीचा रोजचा पातळ पट्टा पिस्तुलाच्या वजनानं झुकतो आणि कव्हर बाहेर लोंबकळतं. जाड दुपदरी पट्टा हवा, दीड इंच रुंद, आणि कव्हरची खाच त्याला घट्ट बसणारी.

वरून टिचबटणाची पट्टी लावावी की नाही, यावर कारागिरांत दोन पक्ष आहेत. गावरस्त्यांवर मोटारसायकलनं फिरणाऱ्यानं लावावी, असं मला वाटतं. फक्त पिस्तूल परत घालताना ती पट्टी अंगठ्यानं बाजूला धरायची, कारण आत दुमडलेली पट्टीही चाप ओढू शकते.

काढणं, घालणं आणि शक्यतो न काढणं

काढताना बोट सरळ, स्लाइडच्या अंगाला टेकलेलं. घालताना घाई नाही. आधी अंगावरचा कपडा, दुपट्टा, जॅकेट दुसऱ्या हातानं बाजूला करायचं, मान खाली घालून कव्हरच्या तोंडात बघायचं, मग सावकाश आत सोडायचं. कुठं जरा जरी अडकलं तरी थांबायचं, बाहेर काढायचं, बघायचं. जोर लावून बसवायचं कारणच नाही. पिस्तूल आत घालण्यात चपळाई दाखवून कुणाचा जीव वाचल्याचं मी ऐकलेलं नाही.

कमरेच्या उजव्या बाजूला, जरा मागे, हे कव्हर सगळ्यात सोयीचं. पोटापुढं खोचण्याची फॅशन दिसते, पण बसल्यावर नळी थेट जांघेकडे वळते. तिथून मांडीची मोठी रक्तवाहिनी जाते. ती फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, आणि आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय काही मिनिटांवर नसतं. असं झालंच तर हाताशी असेल तो स्वच्छ कपडा जखमेवर पूर्ण ताकदीनं दाबून धरायचा, दाब सोडायचा नाही, आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा. सारखं उचलून ‘थांबलं का’ बघत बसू नये.

संडासला जाताना, मोटारीत बसताना, जेवायला पाटावर बसताना पिस्तूल बाहेर काढून बाजूला ठेवायची सवय मोडा. काढायचंच तर कव्हरसकट काढा. पिस्तूल कव्हरमध्ये आहे तोवर चाप झाकलेला आहे. म्हणूनच ज्याची पट्ट्याची पकड बटणानं सुटते असं कव्हर शिवून घेणं शहाणपणाचं.

चेंबर भरलेलं ठेवावं की रिकामं?

यावर जगभर वाद आहे. चेंबरमध्ये काडतूस असेल तर एका हातानं लगेच गोळी झाडता येते. नसेल तर आधी स्लाइड ओढावी लागते, आणि त्याला बहुधा दोन्ही हात लागतात. ‘लुटारू काय स्लाइड ओढेपर्यंत थांबून राहतील?’ हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण रोज सराव करणारा पोलीस किंवा सैनिक वेगळा, आणि वर्षातून एकदाही गोळी न झाडणारा अडत्या वेगळा. अशा माणसानं मॅगझिन भरलेलं आणि चेंबर रिकामं ठेवून फिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जिवाच्या भीतीनं पिस्तूल बाळगायचं आणि बारा महिने स्वतःच्याच मांडीवर भरलेली नळी रोखायची, हा हिशेब जुळत नाही.

वाघ, डुक्कर आणि .३२

ताडोब्याच्या किंवा टिपेश्वरच्या आजूबाजूला हा प्रश्न हमखास येतो. .३२ ची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची. चवताळलेल्या रानडुकराला तिनं थांबवता येईल हा भ्रम आहे, वाघाचं तर नावच नको. जखमी जनावर जास्त धोक्याचं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जे मागे लागेल ते वेगळंच. पीक राखायला परवाना हवा असेल तर त्याची तरतूद वेगळी आहे, कमरेच्या पिस्तुलाची त्यात जागा नाही.

आणखी एक वऱ्हाडी शंका: ‘मे महिन्यात गाडीत ठेवलं तर गरमीनं फुटन का?’ नाही. काडतुसातली दारू पेट घ्यायला दीडशे अंशांच्या वर तापमान लागतं, बंद गाडी चंद्रपुरातसुद्धा तितकी तापत नाही. पण त्या उष्णतेत चामडं आकार सोडतं आणि काडतुसं हळूहळू निकामी होतात. आणि गाडीत ठेवलेलं पिस्तूल चोरीला जातं, ते वेगळं.

कायदा कमरेबद्दल काय म्हणतो

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते त्यासाठीच बनवलेल्या किंवा जुळवून घेतलेल्या कव्हरमध्ये, अंगाला बांधलेलं किंवा पाठपिशवीसारख्या साधनात हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. म्हणजे लग्नाच्या मांडवात सदरा जरासा वर करून मूठ दाखवत फिरणं हा रुबाब नियमात बसत नाही. नुसतं पँटीत खोचणंही बसत नाही. आणि वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं थेट शिक्षा आणली: दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा निष्काळजी किंवा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं राहिली. निवडणुकीच्या काळात हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची सूचना आली की पिस्तूल रिकामं आणि काडतुसं वेगळी न्या, आणि पावती जपून ठेवा.

पावसाळा आणि रुई

चामडं ओलावा धरतं. कमावताना वापरलेली द्रव्यं आणि घामातलं मीठ मिळून पोलादाला गंज चढवतात, आणि पितळी काडतुसांवर हिरवट चिकट थर येतो. म्हणून कव्हर हे नेण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नाही. रात्री पिस्तूल रिकामं करून, पुसून, तेलाचा हलका हात देऊन कपाटात कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. कव्हर वेगळं, वारा लागेल असं. भंडारा-गोंदियाकडच्या पावसाळ्यात तर त्याला दोन दिवसांत पांढरी बुरशी येते, कोरड्या फडक्यानं पुसायची. तेल चोपडायचा मोह टाळा. जोड्याला तेल पाजतो तसं कव्हरला पाजलं की ते मऊ पडतं, आणि मऊ पडलं की तोंड मिटतं. वरून मेणाचं पॉलिश पुरे.

जिनिंगवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. हंगामात रुईचा बारीक धुरळा कव्हरच्या तळाशी साचतो, तेलकट पिस्तुलाला चिकटतो आणि चापाच्या मागे, घोड्याच्या खाचेत गादीसारखा बसतो. त्यानं पिस्तूल ऐन वेळी अडतंही आणि सेफ्टीचा खटका अर्धवटही लागतो. वर्षातून दिवाळीच्या पूजेपुरतं पुसून भागत नाही. हंगामात दर आठवड्याला कव्हर उलटं करून झटका, आणि पिस्तूल रिकामं करून कोरड्या ब्रशनं झाडा.

कव्हरचं तोंड सैल झालं, चापावरचं चामडं अंगठ्यानं आत जाऊ लागलं, टाके उसवले किंवा पिस्तूल उलटं धरल्यावर घसरू लागलं, की ते कव्हर बाद. पुन्हा भिजवून, वाळवून ताठ करण्याचे प्रयोग महिनाभर टिकतात. जुनं कव्हर भाच्याला किंवा मित्राला देऊ नका, त्याचं पिस्तूल वेगळ्या मापाचं असतं आणि सैल कव्हरचा धोका तुम्ही आताच ओळखून टाकून देत आहात. रापीनं मधून कापा. टिचबटणं मोची नव्या कव्हरला वापरून घेतो, लाकडी फर्मा मात्र त्याच्याकडून परत मागून घ्या. पुढच्या वेळी सुताराचे पैसे वाचतात.